टीव्हीतली शोध पत्रकारिता: सांगली-साताऱ्याकडून सतत येणारे प्रश्न

सतरा वर्षं या कामात आहे. आधी सांगली जिल्ह्यातून स्ट्रिंगर (बातमीमागं पैसे मिळणारी वार्ताहर), मग मुंबईत एका मराठी चॅनेलच्या इन्व्हेस्टिगेशन टीममध्ये, आणि २०१९ च्या महापुरानंतर परत घरी मिरजेला. कॉलेजची पोरं, गावातले कार्यकर्ते, नवीन रिपोर्टर, आणि ज्यांच्या हातात एखादा कागद आलाय पण पुढं काय करायचं कळत नाही असे लोक, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकत्र लिहून काढले. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून जिथं उत्तर दुसरीकडं आहे तिथं त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. शोध पत्रकारिता म्हणजे नक्की काय? सगळेच पत्रकार शोधच घेतात ना?

अपघात झाला, मोर्चा निघाला, मंत्री येऊन गेले, ही घडलेली गोष्ट सांगणं झालं, आणि तेही महत्त्वाचं काम आहे. शोध बातमीत कुणीतरी झाकून ठेवलेली गोष्ट तुम्ही स्वतः कागद जमवून, माणसं गाठून, जागेवर जाऊन बाहेर काढता. एका गटानं दुसऱ्या गटाविरुद्ध पुरवलेली फाईल तशीच वाचून दाखवली तर ती शोध बातमी होत नाही, तो निरोप्याचा उद्योग झाला. टीव्हीत आणखी एक अडचण असते. वर्तमानपत्रात 'नोंदीनुसार' लिहून भागतं, आमच्याकडं तो रस्ता, ती विहीर, तो माणूस पडद्यावर दिसावा लागतो. त्यामुळं प्रत्येक वाक्यासाठी जागेवर जावंच लागतं. दमायला होतं, पण मला तरी टीव्हीचं खरं बळ हेच वाटतं.

२. ताई, तुम्ही या लाईनला कशा आलात?

वडील एसटीत कंडक्टर. घरात रात्री जेवताना ते आज कुणी काय बोललं ते सांगायचे, आणि आम्ही मध्ये बोललो की म्हणायचे, आधी ऐक पूर्ण. ती सवय मला या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडली. २००७-०८ च्या सुमाराला मराठी न्यूज चॅनेल एकामागून एक सुरू झाले, जिल्ह्याजिल्ह्यात माणसं हवी होती, मी २००८ ला एका चॅनेलला स्ट्रिंगर म्हणून लागले. कॅमेरा उसना, आणि नेट बंद पडलं की कॅसेट पाकिटात घालून पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांच्या हातात द्यायची, तिकडं कुणीतरी उतरवून घ्यायचं. बातमी लागली का नाही ते रात्री टीव्ही लावल्यावरच कळायचं.

३. बारावीनंतर कुठला कोर्स करू?

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र आहे. कुठलाही करा, पण माझं मत विचाराल तर आधी बीकॉम किंवा लॉ करून मग या कोर्सला आलेली पोरं या कामात पुढं जातात, कारण त्यांना ताळेबंद वाचता येतो, टेंडरच्या अटी वाचताना झोप येत नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान ग्रामपंचायतीचा नमुना, सात-बारा, फेरफार आणि बँकेचा खातेउतारा वाचायला शिकून घ्या. तलाठ्याकडं चार दिवस बसलात तर होतं.

४. पगार किती मिळतो?

स्ट्रिंगरला पगार नसतो, बातमी लागली तर पैसे. मला सुरवातीला एका बातमीचे ३०० रुपये मिळायचे आणि पेट्रोल त्यातूनच. आजही तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक जण मोबाईल शॉपी, शेती, शिकवणी असं काहीतरी सांभाळून हे करतात. जिल्हा प्रतिनिधी झालात तर पगार येतो, मुंबईत टीममध्ये गेलात तर बरा येतो. पण नुसत्या शोध बातम्यांवर घर चालेल असं जिल्ह्यात तरी समजू नका, कारण महिनाभर एका बातमीमागं राहिलात तर त्या महिन्यात बाकीच्या बातम्यांचे पैसे बुडतात. हा मुद्दा साधा वाटतो पण चांगली चांगली पोरं याच कारणानं ही वाट सोडून गेलीत, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

५. पत्रकार व्हायला लायसन किंवा सरकारी कार्ड लागतं का?

नाही. अधिस्वीकृती पत्रिका मिळते ती माहिती खात्याकडून, अर्ज जिल्हा माहिती कार्यालयातून जातो, आणि तिचा उपयोग मंत्रालयात प्रवेश, काही सवलती, योजना यासाठी. ती नसली म्हणून प्रश्न विचारायचा हक्क जात नाही, आणि ती असली म्हणून पोलिसांच्या बंदोबस्तात घुसायचा हक्क मिळत नाही. गाडीवर 'प्रेस' लिहून टोल चुकवणाऱ्यांमुळं खऱ्या पत्रकाराला लोक दारात उभं करत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

६. कॅमेरा कुठला घेऊ?

आहे तो मोबाईल चालेल. पैसे असतील तर आधी चांगला कॉलर माईक आणि ट्रायपॉड घ्या. चित्र थोडं खराब असलं तरी चालतं, आवाज ऐकू आला नाही तर बाईट (कॅमेऱ्यासमोर बोललेला तुकडा) कचऱ्यात जातो.

७. एका बातमीला किती दिवस लागतात? एखादी बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा ना.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगते.

एका दुष्काळी उन्हाळ्यात जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावातून फोन आला, टँकर दोन दिवसाआड एक खेप टाकतोय आणि कागदावर रोज तीन खेपा दाखवल्यात. लॉगबुकाच्या (खेपांच्या नोंदवहीच्या) प्रती मिळायलाच पाच आठवडे गेले. दीडशे पानं. घरात जमिनीवर पसरली, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आईनं दोन दिवस सगळ्यांची ताटं स्वयंपाकघरातच मांडली. त्यात एकूण नऊ गाड्यांचे नंबर होते. परिवहन खात्याच्या ॲपवर एकेक टाकून बघितला, चार टँकर निघाले, तीन ट्रॅक्टर, आणि दोन नंबर चक्क मोपेडचे. मोपेडवर हजारो लिटर पाणी! मी लगेच डेस्कला (चॅनेलच्या बातमी कक्षाला) फोन लावला, म्हटलं आज रात्रीच चालवू.

आमचे ब्यूरो चीफ म्हणाले, थांब, एमएच १० च्या जागी एमएच ११ टाकून बघ. टाकलं, तर त्यातली एक मोपेड गळाली. गाडी साताऱ्याची होती आणि खरोखर टँकरच होता, लिहिणाऱ्यानं जिल्ह्याचा आकडा चुकवला होता. मग गावात जाऊन ट्रॅक्टरचं विचारलं, तर तिनातले दोन मागं टाकी जोडून खरंच पाणी आणत होते, गावकऱ्यांनीच सांगितलं. म्हणजे हातात उरलं एक मोपेड आणि एक ट्रॅक्टर. त्या दोघांच्या नावावरच्या खेपा मोजल्या, तेवढ्याच बातमीत घेतल्या. बातमी निम्म्याहून लहान झाली पण त्यातला एक आकडाही कुणाला खोडता आला नाही. पहिल्या रात्री चालवली असती तर दुसऱ्या दिवशी तो साताऱ्याचा टँकर चॅनेलच्या दारात उभा राहिला असता आणि बाकीचं सगळं खरं असून बुडालं असतं.

आणि एक गोष्ट कागदात दिसत नव्हती. पाणी मिळाल्याची सही म्हणून एका आजींचं नाव होतं, रोज, वळणदार अक्षरात. आजींना जाऊन विचारलं तर म्हणाल्या, "मला कुठं सही येतीय बाय, मी अंगठा लावती." आत गेल्या, पत्र्याच्या पेटीतनं बँकेचं पासबुक काढलं, सहीच्या जागी निळा अंगठा. मी काही बोलले नाही, कॅमेरामननं फक्त पासबुक आणि लॉगबुकाचं पान शेजारी शेजारी धरून शॉट घेतला. आजी बोलायला तयार होत्या तरी मुलाला आणि सुनेला विचारून, ते बघतील की आपलं नाव येणार आहे हे सांगूनच बाईट घेतला. का ते प्रश्न १५ मध्ये आहे.

सगळे मिळून अकरा आठवडे. पडद्यावर सहा मिनिटं.

८. माहिती अधिकाराचा अर्ज कसा टाकायचा? फेटाळला जातो.

महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणं अर्ज परिशिष्ट 'अ' नमुन्यात, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. ऑनलाईन पण टाकता येतो. फेटाळले जाणारे अर्ज बहुतेक वेळा 'का' विचारतात: रस्ता का खराब झाला, कारवाई का केली नाही. कायद्यात मागता येते ती नोंदलेली माहिती, स्पष्टीकरण मागता येत नाही. म्हणून कागदाचं नाव लिहून मागा: अमुक कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक म्हणजे एमबी, देयकाची प्रत. मोजमाप पुस्तक मागितलं की समोरच्याला कळतं की अर्जदाराला काम समजतं.

आणि प्रती मागायच्या आधी फाईल बघायला मागा, कायद्यात तपासणीचा हक्क आहे. राज्य सरकारच्या २०१८ च्या आदेशानं जिल्ह्यातल्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ फाईल बघता येतात. फाईलमधलं टिपणी पान, ज्यावर खालपासून वरपर्यंत प्रत्येकानं काय शेरा मारलाय ते असतं, ते आधी वाचा. अर्धी बातमी तिथंच सापडते.

वैयक्तिक माहिती आहे म्हणून नकार आला तर तो कलम ८(१)(जे) खाली असतो. ते कलम २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं आणखी कडक केलंय आणि मला ते पत्रकारांसाठी फार नुकसानीचं वाटतं. तरी कलम ८(२) शिल्लक आहे: लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलात त्याच्यावर बोट ठेवा.

९. महिना झाला, उत्तरच नाही. आता?

३० दिवसांत उत्तर यायला हवं, माणसाच्या जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नाही आलं की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडं, २० रुपयांचं तिकीट. तिथं निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं, आपल्या सांगली-साताऱ्याचं पुणे खंडपीठाकडं जातं. दिरंगाईला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड आहे. पण खरं सांगते, दुसऱ्या अपिलाला फार काळ लागतो, बातमी त्याच्या भरवशावर ठेवू नका. प्रश्न १० वाचा.

१०. अर्ज न टाकता कुठले कागद मिळतात?

भरपूर, आणि लोक वापरतच नाहीत. रोजगार हमीची हजेरीपत्रकं, जॉबकार्ड, कुणाला किती पैसे गेले हे मनरेगाच्या साईटवर गावनिहाय आहे. ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराजवर. टेंडर महाटेंडर्सवर. जमिनीचा सात-बारा महाभूमीवर, खरेदीखताची सूची क्रमांक २ नोंदणी विभागाच्या साईटवर. उमेदवाराची मालमत्ता निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात, आणि दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवली की फरक समोर येतो. कोर्टाच्या तारखा ई-कोर्ट्सवर. कॅगचे (सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेचे) अहवाल तर तयार भांडार आहे, त्यात जिल्ह्याचं नाव शोधायचं आणि मग त्या गावात जायचं.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे गूगल अर्थवरची जुनी चित्रं. कागदावर शेततळं तीन वर्षांपूर्वी झालंय आणि चित्रात तिथं अजून ज्वारीच उभी आहे, हे मी दोन गावांत बघितलंय. पण तिथंही गट नंबर चुकला की सगळंच चुकतं, म्हणून जागेवर जाऊन लोकेशन टिपून घ्यायचंच.

११. हातात आलेला कागद खरा आहे हे कसं ओळखायचं?

याचं उत्तर देताना मला नेहमी आगरकर आठवतात. आगरकर आपल्याच भागातले, कराडजवळच्या टेंभूचे, ज्या गावाच्या नावाची योजना आज आटपाडी-खानापूरला पाणी आणते. कोल्हापूर संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे छत्रपतींविरुद्ध कारस्थान करतायत असं दाखवणारी पत्रं टिळक-आगरकरांच्या हाती आली, त्यांनी छापली, आणि खटल्यात ती पत्रं बनावट निघाली. १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. दोघांच्या हेतूबद्दल कुणाला शंका नव्हती, पण कोर्टानं कागद बघितला.

तेव्हापासून आजपर्यंत फसवायची पद्धत तीच आहे: जे तुम्हाला मनातून खरं वाटतंय त्याचाच कागद तुम्हाला आणून देतात. म्हणून मी काय बघते ते सांगते. जावक क्रमांक आणि तारीख, आणि त्या कार्यालयाच्या जावक रजिस्टरमध्ये त्या दिवशी तोच नंबर आहे का. त्या तारखेला तो अधिकारी त्या खुर्चीत होता का, का महिनाभर आधीच बदलून गेला होता. रविवार किंवा सुट्टी तर नव्हती. शिक्का जुन्या नावाचा आहे का नव्या. आणि शेवटी ज्याच्या सहीचा कागद आहे त्यालाच दाखवून 'ही सही तुमची का' असं विचारायचं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे कागद नव्हे, मूळ कुठं आहे ते सापडेपर्यंत ती फक्त खबर.

१२. छुपा कॅमेरा चालतो का? स्टिंग कायदेशीर आहे का?

स्टिंगला सरसकट परवानगी देणारा कायदा नाही आणि सरसकट बंदी घालणाराही नाही. डिसेंबर २००५ मध्ये संसदेत प्रश्न विचारायला पैसे घेणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले, टीव्हीवर दाखवलं, आणि त्याच महिन्यात ११ खासदारांची हकालपट्टी झाली. दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्यात (गाडीखाली माणसं चिरडल्याच्या) साक्षीदार फोडायचा प्रयत्न चॅनेलनं कॅमेऱ्यात पकडला होता, २००९ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं ते लोकहिताचं मानलं. पण २००७ साली दिल्लीतच एका शिक्षिकेवर बनावट स्टिंग चालवलं गेलं, जमावानं तिला मारहाण केली, आणि सगळं खोटं निघालं. आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की स्टिंग करणाऱ्याला आपोआप सूट नाही, हेतू काय होता ते खटल्यात तपासलं जाईल.

माझा नियम असा: आधी कागद आणि साक्षी पुरत्या संपवायच्या, दुसरा मार्गच उरला नाही आणि विषय लोकांच्या जिवाचा किंवा पैशाचा असेल, तरच. आणि ज्याच्या मनात लाच घ्यायची नाही त्याला आपण आमिष दाखवायचं नाही. संपादक आणि वकील यांची लेखी परवानगी आधी.

पोटप्रश्न नेहमी येतो, गर्भलिंग तपासणीवर डिकॉय (पकडून द्यायला पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक) पाठवतात ते मग काय? हा मार्ग साताऱ्यानंच देशाला दाखवला म्हटलं तरी चालेल. ॲड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानानं गरोदर बायकांना डिकॉय म्हणून पाठवून कितीतरी सोनोग्राफी सेंटर पकडून दिली, २०२५ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. आपल्या म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी १९ भ्रूणांचे अवशेष सापडले, त्यानंतर याची गरज कुणाला समजावून सांगावी लागू नये. पण डिकॉय कायद्याखालच्या अधिकाऱ्यांना सोबत घेऊन, पंच आणि नोटांचे नंबर लिहून होतो. रिपोर्टरनं एकटीनं जाऊन एखाद्या गरोदर बाईला त्यात ओढायचं नाही.

१३. समोरच्याची बाजू घ्यायची म्हणजे नेमकं काय? तो फोनच उचलत नाही.

नुसतं 'संपर्क होऊ शकला नाही' म्हणून भागत नाही. सगळे आरोप मुद्देसूद लिहून मेल, व्हॉट्सॲप आणि रजिस्टर पोस्ट, तिन्हीनं पाठवा, उत्तराला खरोखरचा वेळ द्या, आदल्या रात्री नऊला पाठवून सकाळी बातमी चालवायची नाही. ऑफिसमध्ये जाऊन पोच घ्या. दारात बूम (चॅनेलचा माईक) घेऊन पळत जाणं बघायला जोरदार वाटतं, पण लेखी प्रश्न दिलेच नसतील तर तो तमाशा आहे. आणि खरंच सांगते, कितीदा समोरच्याचं उत्तर बरोबर निघतं आणि बातमीचा तेवढा भाग काढावा लागतो. काढायचा.

१४. बदनामीची नोटीस आली तर?

घाबरून बातमी डिलीट करू नका आणि फेसबुकवर उलट उत्तर पण देऊ नका, नोटीस चॅनेलच्या लीगलला आणि एका स्वतःच्या वकिलाला द्या. फौजदारी बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड. बचाव आहे, पण नुसतं 'खरं आहे' पुरत नाही, खरं आणि लोकहिताचं असं दोन्ही दाखवावं लागतं. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन. म्हणून कच्चं फुटेज निदान तीन वर्षं जपायचं, न कापलेलं. व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ मेमरी कार्ड पुसू नका, बाजूला काढून पाकिटात तारीख घालून ठेवा.

१५. तुमच्याकडून कधी चूक झाली का?

झाली, आणि ती एका दुसऱ्याच माणसाला भोगावी लागली.

२०११ ची गोष्ट. एका गावातल्या ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या काकांनी मला घरकुलाची यादी दिली, ज्यांची पक्की घरं आहेत त्यांची नावं त्यात होती. बोलायला तयार झाले, तोंड दाखवायचं नाही या अटीवर. मी तोंड ब्लर केलं, आवाज बदलला. शूटच्या वेळी ते दोनदा म्हणाले होते, "ताई, दार दिसंल का?" मी म्हणाले, नाही दिसणार काका. दार दिसलं. चौकटीवर त्यांच्या मुलीच्या लग्नातलं मोत्यांचं तोरण होतं, गावात तसं एकच. बातमी लागल्यावर तासाभरात गावाला कळलं. त्यांचं काम गेलं, गिरणीवाल्यानं दळण घ्यायचं बंद केलं. मी भेटायला गेले तर काकूंनी चहा दिला, काका तोरण काढलेल्या चौकटीत बसले होते, मला एका शब्दानं बोलले नाहीत.

बातमी दाखवून मी सांगलीला परत आले होते, ते तिथंच राहत होते. त्यानंतर मी नाव लपवलेल्या माणसाचं शूट त्याच्या गावात करतच नाही. नुसतं ब्लर नाही, पाठमोरं किंवा फक्त सावली. आवाज मशिननं बदलत नाही, तो परत मूळ करता येतो, त्यांचे शब्द दुसऱ्या माणसाकडून बोलून घेते. हात, चप्पल, अंगठी, घड्याळ, मागची भिंत, बाहेरचा लाऊडस्पीकर, सगळं तपासते. आणि एडिट झाल्यावर पूर्ण फिल्म त्या माणसाला दाखवते, तो नको म्हणाला तर तो बाईट जातो, बातमी अडली तरी चालेल.

१६. सोर्सचं नाव पोलीस किंवा कोर्ट मागू शकतं का?

मागू शकतं. प्रेस कौन्सिल कायदा १९७८ च्या कलम १५(२) मध्ये सोर्स सांगायची सक्ती नाही असं आहे, पण ते कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं आणि तिथं टीव्ही येतच नाही. कायदा आयोगानं १९८३ सालीच संरक्षण द्या म्हणून सुचवलं होतं, कायदा झाला नाही. पेगासस (फोनमधून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) प्रकरणात ऑक्टोबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं सोर्सचं संरक्षण पत्रकारितेसाठी गरजेचं आहे असं म्हटलं, त्याचा आधार घेता येतो. भ्रष्टाचाराची माहिती देणाऱ्यांसाठी २०१४ ला कायदा मंजूर झाला पण लागूच केला नाही. त्यामुळं खरी काळजी आपणच घ्यायची: वहीत नाव लिहायचं नाही, फोनमध्ये खऱ्या नावानं सेव्ह करायचं नाही, आणि ज्याची गरज नाही ती ओळख विचारायचीच नाही.

१७. भीती नाही वाटत? हल्ला झाला तर काय कायदा आहे?

वाटते. जून २०११ ला पवईत ज्येष्ठ गुन्हे पत्रकार जे. डे यांना गोळ्या घातल्या, फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं, ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी त्या दिवशी छापून आली होती त्याच माणसाच्या गाडीखाली. ही नावं मला रोज आठवतात. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, २०१९ पासून लागू: अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं. ठाण्यात साध्या मारामारीचं कलम लावून मोकळे होतात, तुम्ही या कायद्याचं नाव घेऊन लेखी तक्रार द्या.

रोजचं म्हणाल तर एकटं जायचं नाही, कुठं चाललोय ते डेस्कला लिहून, परतीच्या वेळेला फोन ठरलेला. फुटेज त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी. फुटेज अजून तुमच्या एकट्याकडं आहे असं समोरच्याला वाटतं तोपर्यंतच धोका जास्त असतो.

१८. मुलगी आहे म्हणून घरचे नको म्हणतात.

माझेही म्हणायचे. साहेबांच्या केबिनमध्ये 'तुमचे सर नाही आले का' हे मी किती वर्षं ऐकलंय. पण गावात गेल्यावर पुरुष रिपोर्टरला ओसरीपर्यंतच जाता येतं आणि मला चुलीपर्यंत, पाणी, रेशन, दारू, दवाखाना याचं खरं तिथंच कळतं. घरच्यांना एकदा सोबत शूटला न्या. वडील माझ्याबरोबर एकदा जतला आले होते, त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

१९. चॅनेलनं बातमी दाबली तर?

होतं. माझ्या दोन बातम्या लागल्या नाहीत. एकीत चॅनेलच्या वकिलांचं बरोबर होतं, पुरावा तोकडा होता. दुसरीत नव्हतं, आणि ती मला आजही टोचते. आधी लेखी कारण मागा. पुरावा कमी म्हणत असतील तर आणून द्या. कारणच देत नसतील तर करार वाचा, फुटेज कुणाच्या मालकीचं आहे ते बघा, चॅनेलच्या कॅमेऱ्यानं घेतलेलं तुम्ही बाहेर देऊ शकत नाही, पण माहिती अधिकारात तुमच्या नावानं आलेले कागद तुमचेच आहेत.

२०. पाकीट, जाहिरात, दिवाळी भेट, याचं काय करता?

घेत नाही. तालुक्यातल्या स्ट्रिंगरला जाहिराती आणायला लावतात आणि मग त्याच साहेबांविरुद्ध बातमी कर म्हणतात, ही पद्धतच चुकीची आहे आणि त्याचा दोष त्या पोराला देऊ नका. पण बातमी थांबवायला पैसे मागणं हे पत्रकारितेत येतच नाही, ती खंडणी आहे.

२१. महापुराच्या बातम्यांत शोध कसला?

ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोका पातळी ४५ आहे. ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली. त्या आठवड्यात आम्ही फक्त जिवंत माणसांपर्यंत पोचायचं बघत होतो आणि तेच बरोबर होतं. शोध नंतर सुरू होतो: कोयनेतून किती वाजता किती विसर्ग सुरू झाला, इशारा गावात किती वाजता आणि कुणाकडं पोचला, कुठल्या गावात बोट होती, ती कुणाच्या ताब्यात, लाइफ जॅकेट होती का. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी हा सगळ्यांचा आवडता वाद आहे, पण ५१९.६० मीटर ही तिची पूर्ण पातळी, त्या दिवशी प्रत्यक्षात किती होती आणि आपल्या नदीपात्रातली बांधकामं किती, असे तिन्ही आकडे समोर ठेवूनच बोलावं. तारीख आणि तास लिहून ठेवायची सवय लागली तर पुराच्या वहीतून वर्षभराच्या बातम्या निघतात.

२२. कुणाची ओळख अजिबात दाखवता येत नाही?

अत्याचारातली पीडित व्यक्ती आणि लहान मुलं. नाव, चेहरा तर नाहीच, पण घर, शाळा, गल्ली, आई-वडिलांचं नाव, ज्यावरून ओळख पटेल ते काहीच नाही. पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आणि न्याय संहितेचं कलम ७२ बघा. छोट्या गावात 'अमुक वाडीतल्या सातवीतल्या मुलीवर' एवढं लिहिलं तरी ओळख झालीच. आरोपीबद्दल म्हणाल तर, खटला चालू असताना आपणच दोषी ठरवून मोकळं व्हायचं नाही, मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२१ ला चॅनेलना याच्यावरून स्पष्ट सुनावलंय.

२३. चॅनेलनं माझ्याबद्दल खोटी बातमी दाखवली, मी काय करू?

लगेच चॅनेलच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, तारीख, वेळ, नेमकं कुठलं वाक्य. २०२१ च्या नियमानं १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर चॅनेल ज्या संघटनेचा सभासद असेल तिच्या स्वनियमन मंडळाकडं, बऱ्याच मोठ्या चॅनेलसाठी ते एनबीडीएसए (न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी) आहे. उशीर करू नका, चॅनेलला प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग ९० दिवसच ठेवायचं बंधन आहे. आपल्याकडं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

२४. एवढं करून फरक काय पडतो?

टँकरच्या बातमीनंतर (प्रश्न ७) त्या खेपांचं बिल अडलं, चौकशी लागली, ती अजून संपलेली नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या बायकांनी विहिरीजवळच्या भिंतीवर खडूनं रोजच्या खेपा लिहायला सुरू केलं, तारीख टाकून, गाडीचा नंबर टाकून. मला कुणी कळवलं नव्हतं, तिकडनं जाताना दिसलं.

२५. माझ्याकडं माहिती आहे. कशी पाठवू?

घाईनं काही पाठवू नका. ऑफिसचा कॉम्प्युटर, ऑफिसचं वायफाय, ऑफिसचा प्रिंटर वापरू नका, तिथं नोंद राहते. मूळ कागद कार्यालयातून उचलून आणू नका, चोरीचा गुन्हा तुमच्यावर येईल, कागदाचं नाव आणि फाईल नंबर कळवलात तरी आम्ही तो अधिकृत मागवू शकतो. तुमच्याशिवाय हा कागद आणखी किती जणांकडं आहे ते आधी मोजा, दोघांकडंच असेल तर तो दाखवल्यावर लगेच तुम्ही कळणार, मग आपण वेगळा रस्ता शोधू. फोटो काढायचाच झाला तर पूर्ण पान, चारही कोपरे, मागची बाजू पण, आणि खाली टेबलावर स्वतःचा हात, चष्मा, डबा, काही येऊ देऊ नका.